तुझी वॉटची बेरीज

यमुना, तुझे मुख्याध्यापक गेल्या आठवड्यात घरी येऊन गेले. शाळेच्या अंकासाठी तुझ्यावर दोन पानं हवीत म्हणाले, आणि ती मीच लिहावीत असा त्यांचा आग्रह. बसलो लिहायला. सवयीने वर 'विषय' घातला, त्याखाली 'संदर्भ', मग जन्मतारीख, नेमणुकीची तारीख, पोशेऱ्याच्या वरच्या पाड्यावर किती वर्षं आणि खालच्या पाड्यावर किती. एक पान भरलं. वाचून पाहिलं तर बदलीचा अर्ज वाटला. तू असतीस तर लाल शाईने 'पुन्हा लिहा' असा शेरा मारून परत केलं असतंस. मी मात्र ते पान तसंच त्यांच्या हातात दिलं, त्यांच्या अंकाला तेवढं पुरे आहे. हे दुसरं लिहितोय ते तुझ्यासाठी.

एक गोष्ट मी तुला सांगितली नव्हती. दोन वर्षं पोटात ठेवली. आता सांगणार आहे, पण तू मला ओळखतेस. मी कारकून माणूस, पार्श्वभूमी दिल्याशिवाय मला मुद्द्यावर येता येत नाही. तू नेहमी म्हणायचीस, तुम्हाला घरात साप निघाला तरी तुम्ही आधी घराचा इतिहास सांगाल. तर तो इतिहास आधी ऐक.

कॉम्प्युटर आपल्या घरात आला तो सरकारच्या कृपेने. नोकरदारांना कोर्स सक्तीचा झाला, नाहीतर वेतनवाढ अडणार होती. मोखाड्यातले सगळे पोक्त कर्मचारी पोरांसारखे वह्या घेऊन क्लासला बसायला लागले. मी दोन बोटांनी टाइप करून कसाबसा सुटलो. तू पहिली आलीस, आणि आठ दिवस ते मला न सांगता राहिलीस, माझं वाईट वाटू नये म्हणून. मग सरावासाठी नाशिकहून एक जुनं मशीन आणलं. सरावाचं म्हणून आणलं खरं, पण दिवाळीला सुरेखा हॉस्टेलवरून आली ती गाड्यांच्या शर्यतीची सीडी घेऊन. लेकीने सहज लावून दाखवली, आणि सुट्टी संपवून ती गेली तरी तू काही त्या खुर्चीवरून उठली नाहीस.

पहिले सहा महिने तू एकाही गाडीच्या पुढे गेली नाहीस. शिट्टी झाली की बाकीच्या गाड्या भन्नाट निघून जायच्या, आणि धूळ बसल्यावर तू निघायचीस, डाव्या बाजूने, वळणावर हॉर्न वाजवत. मी म्हणायचो, अगं शर्यत आहे ती. तू म्हणायचीस, मग जाऊ द्या की त्यांना, त्यांना घाई असेल. मला हसू यायचं. माझ्या डोक्यात तेव्हा आलं नाही की वीस वर्षं तू पोशेऱ्याच्या जीपमध्ये मागच्या फळीवर, गुडघे पोटाशी घेऊन, कुणाची तरी कोंबडी मांडीवर घेऊन गेली आहेस. पुढची सीट कायम भाऊसाहेब लोकांची. रस्ता तू आयुष्यभर पाठमोरा पाहिलास, मागे मागे जाणारा. तो समोरून येताना तुला पहिल्यांदा दिसला तो त्या पडद्यावर.

मग तुला वेग आवडायला लागला. सुरेखाने दुसरा गेम आणला, त्यात घाट होते, खाली दरी होती, पाऊस पडायचा. आपल्या मशीनला ते झेपेना. सरळ रस्त्यावर गाडी नीट चालायची, आणि वळण आलं की चित्र अडखळायचं. दोन श्वास थांबायचं आणि सुटायचं तेव्हा तुझी गाडी दरीत. सुरेखा म्हणाली ग्राफिक कार्ड घालावं लागेल, माझ्या मैत्रिणीचं जुनं आहे, ती देईल. पण त्या कार्डाला जास्त वीज लागते, आणि आपल्या डब्यातला एसएमपीएस मरतुकडा आहे, तो आधी बदला.

एसएमपीएस म्हणजे काय ते तू मला समजावून सांगितलंस. भिंतीतली वीज घेऊन आतल्या सगळ्यांना ज्याच्या त्याच्या मापाने वाढणारा डबा. मी म्हटलं, जो डोळ्यांना दिसत नाही, ज्याने चित्र सुधारत नाही, त्याच्यावर कशाला जीव टाकायचा, कार्ड घालू आणि बघू. आपला पहिला वाद तो. चांगला महिनाभर चालला. मी कामावर निघताना मुद्दा मांडायचो आणि तू संध्याकाळी चहाबरोबर खोडून काढायचीस.

तुझी टाचणवही माझ्यासमोर आहे. पुढच्या पानांवर तिसरीचा परिसर अभ्यास, आणि मागच्या पानांवर वॉट. प्रोसेसरचे इतके, कार्डाचे इतके, हार्ड डिस्क, सीडीचा ड्राइव्ह, दोन पंखे. प्रत्येक आकड्यापुढे तो कुठून मिळाला ते लिहिलेलं, लेबलावरून, सुरेखाकडून, क्लासच्या सरांकडून. खाली बेरीज, आणि बेरजेत चौथाई वाढवून दुसरी बेरीज. मी विचारलं, ही चौथाई कशाला? तू म्हणालीस, बारा माणसं जेवायला येणार असतील तर तुम्ही बारा जणांचाच भात टाकता का? ऑफिसात इतका नीट प्रस्ताव मी कधी पाहिला नव्हता, आणि तुला तसं म्हणालोही नाही.

नाशिकचं ते दुकान आठवतं? दिवाळीच्या सुट्टीत गेलो होतो, त्र्यंबकच्या एसटीने, तू खिडकीला. दुकानदार मोठा बोलका. त्याने पाचशे वॉटचा एक डबा पुढे केला, पंख्यात निळे दिवे, खोक्यावर ज्वाळांचं चित्र. माझे डोळे दिपले. पाचशे हा आकडा मला एकदम पटला, मोठा आकडा कुणालाही पटतो. तू तो हातात घेतलास, वरखाली केलास आणि ठेवून दिलास. मग कोपऱ्यातला एक करडा, काहीच नक्षी नसलेला साडेतीनशेचा उचललास आणि तो मात्र दोन्ही हातांत धरून राहिलीस. दुकानदाराला गंमत वाटली. म्हणाला, मॅडम, वजनावर घ्यायला हा काय कांदा आहे?

"आमच्याकडे पेरायच्या आधी भाताचं बी पाण्यात टाकतात," तू म्हणालीस. "फोल असेल ते वर येतं. हा तुमचा पाचशेवाला फोल आहे."

त्याने ते हसण्यावारी नेलं. मग तू चष्मा लावलास आणि दोन्ही डब्यांवरचं लेबल ओळ न ओळ वाचलंस. बारा व्होल्टच्या ओळीवर बोट ठेवून त्याला गुणाकार करून दाखवलास, की तुमचा पाचशेवाला कामाच्या ठिकाणी माझ्या साडेतीनशेपेक्षा कमीच देतो. दुकानातली दोन गिऱ्हाइकं आपली खरेदी सोडून ऐकायला लागली. दुकानदाराचं हसू जरा आटलं. तोही धंद्यात मुरलेला. करडा डबा खोक्यात भरता भरता म्हणाला, घ्या, पण पाचशे ते पाचशे, नंतर मला म्हणू नका. मला अभिमान वाटला होता यमुना, ऊर भरून आला होता. आणि मी काय म्हणालो, तर एसटी चुकेल.

घाटातून येताना ते खोकं तू मांडीवर धरलं होतंस. कंडक्टरने विचारलं, बाई, यात काय आहे एवढं? तू म्हणालीस, जड आहे, हात लावू नका.

डबा बसवला, कार्ड बसवलं, आणि संध्याकाळी मशीन सुरू होईना. म्हणजे व्हायचं, पंखा फिरायचा, पडद्यावर अक्षरं यायची आणि बंद. पुन्हा तेच. मोखाड्याची संध्याकाळ तुला मी काय सांगू. लोडशेडिंग संपून वीज यायची ती अशी यायची की बल्बच्या आतली तांबडी तार मोजून घ्यावी. टीव्हीच्या स्टॅबिलायझरचा काटा एकशेवीस व्होल्टवर लोळत पडायचा आणि स्टॅबिलायझर टकटक करून हात वर करायचा. दोष विजेचा होता; कार्ड नव्हतं तोवर तेवढ्या विजेवर कसंबसं भागायचं. पण तू टाचणवही काढलीस आणि पुन्हा बेरीज करायला बसलीस. तीनदा केलीस. तुझा चेहरा मला अजून दिसतो. वर्गात एखादं हुशार पोर फळ्यापाशी जाऊन अडावं तसा.

दुसऱ्या दिवशी तू पोशेऱ्याला माहेरी गेलीस, नागलीची कापणी होती. दोन दिवस घरात मी एकटा. आता मुद्दा आला.

त्या डब्याच्या मागे एक लहानसं लाल बटण होतं, खाचेत बसवलेलं. त्यावर २३० लिहिलेलं. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने सरकवलं तर ११५ येत होतं. मी स्टॅबिलायझरचा काटा पाहिला. एकशेवीस. मग मी कारकुनासारखा विचार केला. आपण रकान्यात लिहून दिलंय की आमच्याकडे दोनशे तीस येते. आणि प्रत्यक्षात येते एकशेवीस. म्हणजे माहिती खोटी भरली आहे, मग काम होणार कसं? रकाना दुरुस्त केला. बटण ११५ वर सरकवलं. मशीन चालू केलं, आणि चालू राहिलं. दहा मिनिटं, वीस मिनिटं. मी गेम लावला नाही, मला तो येत कुठे होता. नुसता त्या पडद्यावरच्या हिरव्या टेकडीकडे बघत बसलो, एकटाच हसत.

तू आलीस ती नागलीच्या पात्यांनी हात कापून घेऊन. चहाही घेतला नाहीस. बटण दाबलंस. मशीन चाललं. गेम लावलास, घाट लावलास, पाऊस लावलास, आणि पहिल्या वळणावर मी श्वास धरला. चित्र अडखळलं नाही. गाडी पाण्यासारखी वळली. तू पाच वळणं घेतलीस, मग मागे वळून माझ्याकडे पाहिलंस.

"बघा," तू म्हणालीस. "बेरीज जमली."

तेव्हाच सांगायला हवं होतं मी. शपथेवर सांगतो, तेव्हा माझ्या मनात पाप नव्हतं. तुझ्या चेहऱ्यावर जे काही होतं त्यात माझ्या स्क्रू ड्रायव्हरचा वाटा घालणं मला कोतेपणाचं वाटलं. बेरीज तुझी बरोबर होतीच. हिला वाटू दे की तिच्यामुळे चाललं, असं मनाशी म्हणालो. बायकोला न सांगता दिलेली भेट म्हण.

त्यानंतरचे तीन आठवडे आपल्या लग्नातले सगळ्यात चांगले होते असं म्हटलं तर तू हसशील, पण म्हणतो. संध्याकाळी साडेसात ते नऊ. तू चालवायचीस आणि मी शेजारी स्टूल घेऊन बसायचो. तू मला दरी दाखवायचीस. डावीकडे बघा, धबधबा आहे. मी खरोखर स्टुलाची कड धरून बसायचो आणि वळणावर पाय दाबायचो, ब्रेक असल्यासारखा. तू कधी कधी मुद्दाम कठड्याला घासायचीस. पन्नाशीला आलेला माणूस मी, 'हळू, हळू' म्हणत ओरडायचो आणि शेजारच्या बायका दारातून डोकवायच्या. त्यांच्यातही तुझा भाव वाढला. कुणाला मिक्सर घ्यायचा, कुणाला टीव्ही, आधी तुझ्याकडे येऊन विचारायच्या. तू प्रत्येकीला सांगायचीस, लेबल वाचा आणि उचलून बघा.

आणि आली ती डीपी, विजेचा नवा ट्रान्सफॉर्मर. विसरशील कशी, आणली तूच. आपल्या आळीला नवी डीपी मिळावी म्हणून अर्ज मी लिहिला होता, पण नुसत्या अर्जाने मोखाड्यात पान हलत नाही हे तुला ठाऊक. तू चाळीस घरं फिरलीस. सही येणाऱ्याची सही, न येणाऱ्याचा अंगठा, आणि ज्यांना सही येते पण लाज वाटते त्यांच्याकडून दारात बसून गिरवून घेतलीस. वर्ष गेलं आणि डीपी आली. खांबावर चढवली त्या दिवशी काशिनाथ वायरमन स्वतः आपल्या दारात येऊन तुला सांगून गेला.

"बाई, आज सांजला फुल येल. बलबाकडं बगा तुमी."

आळी सगळी बाहेर. तू गूळपोहे केले होते. वीज आली आणि घराघरांतून एकदम पांढरा उजेड पडला. म्हाताऱ्या माणसांनी डोळ्यांवर हात धरले. कुणीतरी तुझं नाव घेऊन टाळ्या वाजवल्या. स्टॅबिलायझरचा काटा दोनशे पंचवीसवर ताठ उभा होता. मी तो पाहिला, खुशीत पाहिला, आणि माझ्या मठ्ठ डोक्यात काही म्हणता काही आलं नाही. बायका म्हणाल्या, बाई, आता तुमची गाडी दाखवा, फुल करंटवर कशी पळते. तू पदर खोचून बसलीस आणि बटण दाबलंस.

आवाज फटाक्यासारखा झाला. मग डब्याच्या मागून पांढरा धूर आणि तो जळका वास, जो दोन दिवस घरातून गेला नाही. काशिनाथने धावत जाऊन मेन बंद केला. कुणाला लागलं नाही. मला त्या क्षणी लख्ख कळलं, लाल बटण मी एकशे पंधरावर ठेवलेलं, आणि आत दोनशे पंचवीस शिरले, सगळं. इतकं कळलं की तोंड उघडलंही.

काशिनाथने विचारलं, "नवा व्हता कं हा डबा?"

"हो," तू म्हणालीस. "मी निवडला होता. माझी निवड चुकली."

सगळ्या आळीसमोर म्हणालीस. ताठ उभी राहून, शाळेत चूक कबूल करायला शिकवायचीस तशी. माझं उघडलेलं तोंड होतं, त्यातून निघालं काय, तर, "जाऊ दे गं, नाशिकवाले फसवतातच." म्हणजे स्वतःची चूक झाकली ती झाकली, वर त्या बिचाऱ्या दुकानदारावर ढकलली. आमच्या ऑफिसात चूक कुणाचीच नसते, नेहमी वरच्या टेबलाची किंवा खालच्या टेबलाची असते. ती सवय मी घरी आणली.

आणि एवढ्यावर थांबलो नाही. तू आत उरलेले गूळपोहे वाट्यांत भरून घरोघरी पाठवत होतीस. तशाही वेळी पाठवत होतीस. मी मशीनच्या मागे वाकलो आणि बटण परत २३० वर सरकवलं. टक् झालं. तेवढाच आवाज. मी केलेलं सगळ्यात वाईट काम ते आहे. ते करायला मला एक क्षणही लागला नाही.

सुरेखा म्हणाली, दुकानात परत घेऊन जा, वॉरंटी असेल. तू नको म्हणालीस. त्याने सांगितलं होतं मोठा घ्या, मीच ऐकलं नाही, आता कुठल्या तोंडाने जाऊ? तिने दुसरा आणून देते म्हटलं, तेव्हाही तू मान हलवलीस. मशीनवर जुन्या साडीचा तुकडा टाकलास. मी मनात म्हणालो, थोडे दिवस जाऊ देत, मग सांगू. थोड्या दिवसांनी म्हणालो, आता सांगितलं तर इतके दिवस का नाही सांगितलं हे विचारील. उशीर झालेली फाईल दर दिवसाला जड होते, मला चांगलं माहीत आहे.

मला वाटलं होतं गेम सुटला, तेवढंच. पण तसं नव्हतं. आळीतल्या बायका विचारायला आल्या तर तू म्हणायचीस, मला नका विचारू, माझ्यावर विश्वास ठेवून नुकसान होईल तुमचं. हसत म्हणायचीस, म्हणून त्यांनाही हसू यायचं. पंखा घ्यायचा तर, तुम्हीच बघा. सुरेखाची कॉलेजनंतरची नोकरी, नाशिकची की ठाण्याची, तुम्हीच सांगा तिला. तुझ्या आईने विचारलं, बाय, यंदा बी कुठला ठेवू? दर वर्षी नागलीचं बी तू निवडायचीस, तळहातावर घेऊन, फुंकर मारून. तू माझ्याकडे बोट दाखवलंस. मला नागली आणि वरई भाकरीखेरीज ओळखता येत नाही. मी आपलं एका टोपलीकडे बोट केलं. म्हातारीने माझ्याकडे पाहिलं, हो म्हणाली आणि पेरताना दुसरीच टोपली उचलली. शहाणी बाई.

आणि आता आणखी एक कबुली. मला ते आवडायला लागलं होतं यमुना. आयुष्यभर ऑफिसात मी वरच्याला विचारून केलं आणि घरात तुला विचारून. आता घरातली माणसं मला विचारायला लागली. मी जरा ताठ चालायला लागलो. तुझ्याकडून काय काढून घेऊन मी हे मिळवलं ते मला माहीत होतं, तरीही.

तू मात्र मला एकदाही बोलली नाहीस. मी महिनाभर वाद घातला होता, चुकीच्या डब्यावर भाळलो होतो, मला टोमणा मारायला हजार जागा होत्या. उलट माझ्या बदलीच्या वेळी मी हबकून गेलो, तेव्हा तूच माझी बॅग भरलीस, डब्यात नागलीचे लाडू घातलेस, आणि सांगितलंस की खोडाळा काही काळं पाणी नाही, रोज येऊन जाऊन होईल. तुझ्या अशा किती गोष्टी आहेत. त्यांचे आभार मानायला बसलो तर हा मुद्दा पुन्हा मागे पडेल, आणि तो आता मागे पडू द्यायचा नाही.

वर्षभर अंगावर काढलेलं तुझं दुखणं या पावसाळ्यात वाढलं. नाशिकच्या डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. ऑपरेशन करू, पण तब्येत सोसेल की नाही सांगता येत नाही. किंवा गोळ्या देऊ, घरी न्या, आराम करू द्या, जितके दिवस मिळतील तितके. दोन्हींतली कुठलीही निवडा, आम्ही चूक म्हणणार नाही, असं ते म्हणाले. भला माणूस होता. मी तुझ्या कॉटपाशी येऊन बसलो. खिडकीतून तुला पार्किंग दिसत होतं. तू नर्सला विचारून घेतलं होतंस की आमच्या बाजूला पाऊस उघडला का, नागली निसवली असेल. मी तुला दोन्ही वाटा सांगितल्या.

"तुम्हीच ठरवा," तू म्हणालीस. "माझी निवड तुम्ही पाहिली आहे."

आणि हसलीस. गंमत म्हणून म्हणालीस. हात माझ्या हातात होता. यापेक्षा चांगली जागा मला मिळणार नव्हती. एक वाक्य होतं, लहान, मराठी चौथीतल्या पोरालाही लिहिता येईल असं. ते ओठांवर आलं, आणि मला भीती वाटली की ऐकून तू हात काढून घेशील. मी म्हणालो, "बरं." जाऊन ऑपरेशनच्या कागदावर सही केली. आठव्या दिवशी तू गेलीस, त्याच खोलीत.

परवा तुझे दिवस झाले. आळी सगळी आली होती. तुझ्या वरच्या पाड्याची शाळा आली, पहिल्या बॅचच्या पोरी आपापली मुलं घेऊन. जेवणं झाल्यावर माणसं अंगणात बसली आणि तुझ्या गोष्टी निघाल्या. सह्यांची गोष्ट निघाली. मग कुणीतरी त्या फटाक्याची काढली. बाई किती साध्या, एवढं मशीन उडालं तर म्हणाल्या, माझीच चूक. माणसं हसली, प्रेमानेच हसली. आता ती गोष्ट आळीत तुझी म्हणून राहणार, हे मला दिसलं. यमुनाबाई म्हणजे शिकवायला भली, पण यंत्रातलं काही कळत नव्हतं.

मी उठून उभा राहिलो. सांगितलं. लाल बटण, २३०, ११५, मी कधी सरकवलं आणि परत कधी सरकवलं. पार्श्वभूमी न देता सांगितलं यमुना, तुला खरं वाटणार नाही. डबा चांगला होता, तिने बरोबर निवडला होता, मी जाळला. सुरेखा माझ्याकडे बघत राहिली. आता ती कॉम्प्युटरच्याच कामात आहे, तिला एका वाक्यात सगळं कळलं, आणि ती उठून आत गेली.

काशिनाथ खाली बघत म्हणाला, "भाऊसाहेब, तवाच सांगायचा व्हता."

तुझी आई भिंतीला टेकून बसली होती. मला वाटलं होतं तिला ऐकू आलं नसेल.

"तिला सांगितला व्हता कं तुमी?" तिने विचारलं.

मी नकारार्थी मान हलवली. म्हातारीने पदर सारखा केला.

"दवाखान्यात माझ्याजवल बोलली व्हती ती," ती म्हणाली. "घरी जायचा हाय, पण माझी निवड कायी खरी नाय, म्हनं. ते ठरवतील."

आता तुला सांगतो. तुझी बेरीज बरोबर होती. डबा बरोबर होता, हातात वजन घेऊन पाहिलंस तेही बरोबर होतं. त्या दिवशी कॉटपाशी हे एवढंच सांगितलं असतं, तर तू म्हणाली असतीस, घरी चला. आणि मी नेलं असतं तुला, यमुना. पुढच्या सीटवर बसवून नेलं असतं.